गोव्यात घर मांडताना: नव्याने येणाऱ्या मराठी कुटुंबासाठी

कराड-सांगलीकडचं कुणी ना कुणी दर दोन-तीन महिन्यांनी फोन करतं. "गोव्यात बदली झालीय, पोरांना घेऊन यायचंय, काय काय बघावं लागेल?" आम्ही नऊ वर्षांपूर्वी दोन मुलं आणि एक टेंपोभर सामान घेऊन आलो, तेव्हा हे सांगणारं कुणी नव्हतं. फोनवर सगळं आठवत नाही, म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवते.

दुबईला किंवा जर्मनीला निघालेलं कुटुंब आधी चार जणांना विचारतं, कागद गोळा करतं, तिथली भाषा थोडी शिकून घेतं. गोव्याला निघालेलं मराठी कुटुंब यातलं काहीच करत नाही. दुकानांच्या पाट्या वाचता येतात, सकाळी दारात मराठी वर्तमानपत्र पडतं, देवळातली आरतीही मराठीत असते, मग विचारायचं तरी काय असं वाटतं. त्यामुळेच पहिलं वर्ष जड जातं. इथे जमिनीचे कागद वेगळे आहेत आणि वारसाचा कायदाही वेगळा आहे. दुपारचे तीन तास वेगळे जातात, घराघरात बोलली जाणारी भाषाही वेगळी आहे. परमुलखात चाललोय असं समजून तयारी केलीत, तर गोवा फार लवकर आपलं म्हणतो.

निघण्यापूर्वी

हे काम कंटाळवाणं आहे, पण मागे राहिलं तर पुन्हा घाट उतरून जावं लागतं. मुलांचा शाळा सोडल्याचा दाखला घ्याल, तेव्हा त्यावर तिथल्या शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरीही घेऊन ठेवा. दुसऱ्या राज्यातल्या शाळेत प्रवेश घेताना ती मागतात. गॅस एजन्सीकडून टर्मिनेशन व्हाउचर घ्या. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र, आणि आरटीओचं ना-हरकत प्रमाणपत्र म्हणजे फॉर्म २८. लग्नाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, लसीकरणाचं कार्ड. सगळ्याच्या तीन-तीन प्रती एका पिशवीत घाला आणि ती पिशवी टेंपोत न टाकता हातात ठेवा.

घर कुठे, आणि कधी

कामाचं ठिकाण आधी नकाशावर बघा. गोवा लहान आहे हे खरं, पण इथे रस्ते नद्यांमुळे ठरतात. मांडवी किंवा जुवारीचा पूल रोज ओलांडायचा असेल, तर दहा किलोमीटरचा हिशेब किलोमीटरमध्ये करून भागत नाही.

वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी असेल तर मडगाव, त्यातही फातोर्डा, सोयीचं. रेल्वे स्टेशन, मोठा बाजार, रवींद्र भवन, जिल्हा रुग्णालय सगळं हाताशी. पणजीत सरकारी कचेऱ्या, ग्रंथालय, चांगल्या शाळा आहेत, पण भाडी चढी आणि गाडी लावायला जागा मिळणं कठीण. म्हणून बरीच कुटुंबं नदीपलीकडे पर्वरीला किंवा अलीकडे ताळगाव-सांताक्रुजकडे राहतात. पर्वरीत मराठी घरं पुष्कळ आहेत. सकाळी पुलावरच्या गर्दीचा वेळ मात्र रोजच्या हिशेबात धरा. वास्को बंदराचं आणि रेल्वेचं गाव, तिथे देशभरचे लोक आहेत. माझ्या मते मराठी माणूस सगळ्यात लवकर रुळतो तो फोंड्यात. मंगेशी, म्हार्दोळ, कवळे, रामनाथी ही देवळं जवळ, नाटकं-भजनं सतत चालू, आणि वातावरण गावाचं. वर्षभर पर्वरीत काढून आम्ही फोंड्यालाच आलो.

कळंगुट, बागा, हणजूण या किनारपट्टीवर मुलांना घेऊन भाड्याने राहू नका. तिथला हिशेब पर्यटनाच्या हंगामावर चालतो. घरमालक पावसाळ्यात स्वस्तात देतो आणि नाताळ जवळ आला की त्याच घराचे दिवसाचे पैसे मिळतात, हे त्याला दिसायला लागतं. हे किनाऱ्यापुरतंच आहे असंही नाही. पर्वरीत आमचा करार तोंडी होता, आणि पहिल्याच वर्षी नोव्हेंबरच्या मध्यावर मालकाने "डिसेंबरला पाहुणे येणार आहेत" म्हणून घर मागितलं. मुलीची सहामाही नुकतीच झाली होती. पंधरा दिवस आम्ही बांधलेल्या खोक्यांमध्ये राहून नवीन घर शोधलं. म्हणून करार लेखी करा, अकरा महिन्यांचा करा, नूतनीकरणाची अट आणि दोन महिन्यांची नोटीस त्यात लिहून घ्या. त्यानंतरच टोकन द्या.

घर बघायला जाल तेव्हा एवढं तपासा. भिंतीला लावलेलं कपाट पुढे ओढून मागची भिंत बघा. काळे डाग असतील तर जुलैत तिथे बुरशी येणार. नळाला पाणी कुठून येतं ते विचारा. बार्देश तालुक्यात, म्हणजे म्हापसा-पर्वरीकडे, अस्नोड्याच्या जलप्रकल्पातून येतं, तिसवाडी म्हणजे पणजीकडे आणि फोंड्याला ओपाहून, सासष्टी-मुरगावला म्हणजे मडगाव-वास्कोकडे साळावलीहून. वर्तमानपत्रात "ओपाचा पुरवठा बंद" असं वाचलं की तो आपल्याबद्दल आहे का, हे त्यावरून कळतं. जमिनीखालची टाकी आहे का बघा. घराच्या आतल्या खोलीत मोबाइलला रेंज येते का तेही बघा. आणि गाडी लावायची जागा माडाखाली असेल तर ती जागा नाही असं समजा. नारळ पडला तर काच जाते, झावळी पडली तर टप.

जुनी चिऱ्यांची, कौलारू घरं मनात भरतात. ज्याला खरोखर आवड आहे त्याने जरूर घ्यावं, पण दर मे महिन्यात कौलं परतावी लागतात, आणि ते काम येणारी माणसं आता कमी झाली आहेत.

पहिल्या महिन्यातले कागद

भाडेकरूची माहिती जवळच्या पोलीस ठाण्यात द्यावी लागते. जबाबदारी मालकाची असली तरी फॉर्म तुम्हीच भरून त्याच्याकडून सही घ्या आणि पोचपावती जपा. मग करारावरून आधारचा पत्ता बदला, गॅस सुरू करा, आणि मतदार यादीतलं स्थलांतर फॉर्म ८ ने करा.

एक गोष्ट पहिल्या दिवसापासून करा, नंतर ती करता येत नाही: वास्तव्याची फाइल. इथे बऱ्याच योजना आणि सरकारी नोकऱ्या वास्तव्याच्या दाखल्यावर अवलंबून आहेत. पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला मामलेदार कचेरीतून मिळतो. सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेसाठी पाच वर्षांचं वास्तव्य लागतं. त्यात तिघांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाखांचं आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाखांचं कवच आहे. इतकी वर्षं इथेच राहिलो हे कशावरून दाखवणार? प्रत्येक भाडेकरार, मुलांची प्रगतिपुस्तकं, पंचायतीची कचऱ्याची पावती, विजेची बिलं. एकही कागद टाकू नका. आमच्या सुरुवातीच्या आठ महिन्यांचा, म्हणजे त्या तोंडी कराराच्या काळाचा, एकही पुरावा नव्हता. शेवटी शाळेने दिलेल्या पत्रावर काम भागलं.

कचऱ्याबद्दल इथे लोक गंभीर आहेत. ओला, सुका वेगळा ठेवणं हे पहिल्याच दिवशी सुरू करा. कोणता कचरा कोणत्या वारी नेतात ते शेजारी विचारा.

गाडी, बस, पायलट

बाहेरच्या राज्याची गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवायची असेल, तर मोटार वाहन कायद्याप्रमाणे नवीन नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. फॉर्म २७ भरायचा, इथला रस्ता कर भरायचा, आणि मग महाराष्ट्रात भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मागायचा. वर्ष संपायची वाट बघू नका. विम्यावरचा पत्ताही बदलून घ्या.

सार्वजनिक वाहतुकीत पणजी, मडगाव, म्हापसा, वास्को यांच्यात कदंबची, म्हणजे इथल्या सरकारी एसटीची, शटल सेवा उत्तम आहे. खिडकीवर तिकीट काढायचं, बसून जायचं, मध्ये थांबे नाहीत. गावांकडे खासगी बस जातात, पण रात्री आठनंतर त्या विरळ होतात. मुलगा शिकवणीहून कसा परतणार, हे घर ठरवतानाच बघा. रस्त्यात पिवळ्या-काळ्या मोटारसायकलवर बसलेला माणूस दिसेल, त्याला पायलट म्हणतात. एकट्या माणसाला जवळच्या अंतरासाठी हीच टॅक्सी. बसण्याआधी भाडं ठरवा. दिवाडी, चोडण या बेटांवर फेरीबोट जाते. पायी जाणाऱ्याला तिकीट नाही, आणि रविवारी संध्याकाळी मुलांना घेऊन जायला याहून चांगलं काही नाही.

आजी-आजोबा येणार असतील तर त्यांना कोकण रेल्वेने बोलवा. थिवी, करमळी, मडगाव यांतलं कुठलं स्टेशन जवळ पडतं ते आधीच सांगून ठेवा. तिकिटं मे महिन्याची आणि चवथीची, म्हणजे गणेश चतुर्थीची, फार आधी संपतात.

शाळा

सरकारी प्राथमिक शाळा मराठी आणि कोंकणी माध्यमाच्या आहेत. १९६१ च्या मुक्तीनंतर पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांच्या काळात खेडोपाडी मराठी शाळा निघाल्या, त्यातल्या कित्येक अजून आहेत. मूल लहान असेल तर अशा शाळेचा विचार मोकळ्या मनाने करा. पाचवीपासून बहुतेक अनुदानित हायस्कुलं इंग्रजी माध्यमाची. त्यांना नेऊन-आणणारी पिवळी बस म्हणजे बालरथ.

जूनमध्ये शाळा हे गणित आता धरू नका. २०२५ पासून वरच्या वर्गांचं वर्ष एप्रिलमध्येच सुरू झालं आहे. फेब्रुवारीतच चौकशी करा. सुट्ट्यांची घडीही वेगळी: चवथीची सुट्टी मोठी, दिवाळीची आहेच, आणि नाताळातही आठवडाभर शाळा बंद. ३ डिसेंबरला जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियरचं फेस्त, म्हणजे चर्चचा उत्सव, आणि १९ डिसेंबरला मुक्तिदिन असतो. मुलांना या दिवसांचा अर्थ घरी सांगा, कारण वर्गातल्या सगळ्यांना तो माहीत असतो.

पणजीला पाटोवर कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालय आहे. मूळ संस्था १८३२ सालची. मुलांचा विभाग मोठा आणि देखणा आहे, मराठी पुस्तकं भरपूर. पहिल्या उन्हाळ्यात, कुणी ओळखीचं नसताना, आमच्या मुलांच्या दुपारी तिथेच गेल्या.

कोंकणी: यावर सगळ्यात जास्त वेळ द्या

मुलगा तेव्हा पहिलीत होता. शाळेच्या पटांगणात बाईंनी झाडावरचा खंड्या दाखवत म्हटलं, "पळय! पळय!" सगळी मुलं मान वर करून बघत राहिली आणि हा एकटा फाटकाच्या दिशेने पळत सुटला. बाई घाबरून त्याच्या मागे. पळय म्हणजे बघ. रात्री तो रडत विचारत होता, "बाईंनीच पळ म्हटलं, मग रागावल्या का?" त्या रात्री मी ठरवलं की कळतंय तेवढ्यावर समाधान मानायचं नाही.

मराठी माणसाला कोंकणी सत्तर-ऐंशी टक्के कळल्यासारखी वाटते. घोटाळा उरलेल्या शब्दांत होतो, कारण ते ओळखीच्या वेशात येतात. दुकानदार पिशवी उचलून विचारतो, "जाय?" तो तुम्हाला जा म्हणत नाही, हवी का विचारतो. उत्तर "नाका" असेल तर नको. "राव" म्हणजे थांब. "वच" म्हणजे जा, "यो" म्हणजे ये. "फाल्यां" म्हणजे उद्या. "मागीर" म्हणजे नंतर, आणि कचेरीत कुणी "मागीर यो" म्हटलं तर दुपारी की उद्या, हे तिथल्या तिथे विचारून घ्या. "उदक" पाणी, "भुरगीं" मुलं, "घोव" नवरा. "बायल" म्हणजे बायको, आणि त्यात कसलाही उद्धटपणा नाही. शेजारीण "तुजी बायल खंय आसा?" असं विचारते तेव्हा ती अगदी साधं विचारत असते.

पहिल्या आठवड्यात एवढी तीन वाक्यं पाठ करा. "म्हाका मातशी कोंकणी कळटा." मला थोडी कोंकणी कळते. "मातशें सवकास उलयात." जरा सावकाश बोला. आणि "देव बरें करूं." देव भलं करो, म्हणजेच आभार. बाजारात हे शेवटचं वाक्य म्हणाल त्या दिवशी समोरच्या चेहऱ्यात काय फरक पडतो ते बघा.

चुकलं तरी बोला, कुणी हसत नाही. वडीलधाऱ्या पुरुषाच्या नावापुढे "बाब" लावतात, लहान मुलीला लाडाने "बाय" म्हणतात. शेजारच्या हिंदू घरात काकी, मावशी, वहिनी चालतं. ख्रिस्ती घरात आंटी-अंकल, आणि काही जुन्या घरांत म्हाताऱ्या बाईंना अजून "तिया" म्हणतात. सासष्टीची कोंकणी फोंड्याच्या कोंकणीहून वेगळी वाजते. अंत्रुज महालात, म्हणजे फोंड्याकडे, मराठी कानाला ती जास्त सोपी जाते.

आणि एक वाक्य कधीही बोलू नका: "कोंकणी काय, मराठीचीच बोली." हे बोलणारा सहज बोलून जातो, पण ऐकणाऱ्याच्या घरात त्या वाक्याचा इतिहास असतो. १६ जानेवारी १९६७ ला इथे जनमत कौल झाला, महाराष्ट्रात विलीन व्हायचं की वेगळं राहायचं यावर. ३४ हजार मतांनी वेगळं राहायचं ठरलं. १९८७ मध्ये कोंकणी राजभाषा झाली, त्याच कायद्यात मराठीच्या सरकारी वापरालाही जागा आहे. त्याच वर्षी ३० मे रोजी गोवा राज्य झाला. १९९२ मध्ये कोंकणी आठव्या अनुसूचीत आली. त्या वादाच्या दोन्ही बाजूंना इथलीच माणसं होती, एकाच घरातली सुद्धा. मराठीवर जीव असणारे गोवेकर आजही पुष्कळ आहेत. बाहेरून आलेल्याने त्यात निवाडा करू नये, एवढंच मी म्हणते.

कधीतरी "घाटी" हा शब्द कानावर येईल. घाटावरून आलेला, असा त्याचा अर्थ, पण सूर बहुधा चांगला नसतो. मला तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा फार लागला होता. मुलांना तो ऐकू आला तर विषय टाळू नका. सांगा की इथल्या लोकांना आपली जमीन, पाणी, नोकऱ्या बाहेरचे घेतील अशी भीती आहे, ती भीती खोटी नाही, आणि आपण कसे वागतो हे आपल्या हातात आहे. ज्या बाईंनी मला तो शब्द ऐकवला होता, त्या आज माझ्याकडून गूळपोळ्या हक्काने मागून नेतात.

स्वयंपाकघर बसवताना

सकाळी सहा-साडेसहाला रस्त्यावरून पों-पों असा भोंगा येतो. सायकलला मागे बांबूची मोठी टोपली, वर निळं प्लास्टिक. हा पोदेर. संध्याकाळी पुन्हा येतो. पाव, उंडो, कोंड्याची पोयी, आणि चहात बुडवायला कांकण. पहिले दोन दिवस फाटकाशी उभे राहून ओळख करा, तिसऱ्या दिवसापासून फाटकाला कापडी पिशवी आणि सुटे पैसे अडकवले तरी चालतं. पोयी गरम असतानाच खा. आमच्या घरात आता सकाळी चपातीचा डबा फक्त शाळेसाठी होतो.

मासे खात असाल तर बाजाराला सकाळी जा. लहान मासळी वाट्याने मिळते, बांगडे नगावर: "शंबराक सात." भाव विचारायला "कितलें?" पुरे. सुरमईला इसवण, कोळंबीला सुंगटां, खेकड्यांना कुर्ल्यो म्हणतात. कालव, खुबे, तिसऱ्यो साफ कसे करायचे हे विकणारी बाई स्वतः दाखवते, फक्त गर्दीच्या वेळी विचारू नका. एका सोमवारी मी बाजारात गेले, तर अर्ध्या जागा रिकाम्या. अनेक हिंदू घरांत सोमवारी मासे नसतात. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलरना बंदी असते, तेव्हा ताजी मासळी कमी आणि महाग.

मासे न खाणाऱ्यांनी घाबरायचं कारण नाही. तांबडी भाजी, आळसांदे म्हणजे मोठी चवळी, आगशीची वांगी, सात शिरांची लांब भेंडी, श्रावणात रानभाज्या. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार एकदा तरी सगळ्यांनी मिळून बघा. मानकुराद आंबा खाल्ल्यावर हापूसचा हट्ट थोडा सैल होतो, हे कोकणातल्या नातेवाइकांसमोर मी बोलत नाही.

घाटावरची ज्वारी, बाजरी, काळा मसाला इथे मिळतो, पण आपल्या हाताचा नसतो. येताना आणा. इथला तांदूळ उकडा असतो. त्याचा भात जाडसर, पोटाला धरून राहणारा. आमटीशी तो जमत नाही, हुमणाशी, म्हणजे माशांच्या नारळाच्या कालवणाशी, जमतो. दोन्ही ठेवा.

दुकानं दुपारी एक ते साडेतीन-चार बंद असतात. याला आळस म्हणू नका. दमट उन्हात सकाळी लवकर उठलेला माणूस जेवून पडतो आणि संध्याकाळी पुन्हा उभा राहतो. या वेळेत कुणाच्या दारावर थाप मारायची नाही, फोनही करायचा नाही. रविवारीही बरंच बंद असतं. शनिवारी संध्याकाळी भाजी-दूध आणून ठेवा.

पावसाची तयारी मे महिन्यातच

इथे वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. आकडा वाचून कळत नाही, भिंती बघून कळतो. जुन्या घरांत मेमध्ये पावसाळ्याची बेगमी करतात, तिला पुरुमेत म्हणतात: सुकी मासळी, मिरच्या, सोलां म्हणजे आमसुलं, कांदे, मीठ, चिंच. शेजारणीबरोबर एकदा पुरुमेताच्या खरेदीला जा. माझी खरी कोंकणी त्याच दिवशी सुरू झाली. मिरची निवडताना ती बोलत होती आणि मी फक्त हूं म्हणत होते.

चामड्याच्या चपला, पट्टे, पर्स कोरड्या पेटीत. कपाटात कापूर ठेवा, दारं अधूनमधून उघडी टाका. रवा, पोहे, डाळी घट्ट झाकणाच्या डब्यांत. गणवेश तीन जोड हवेत, कारण दोन वाळत नाहीत. इन्व्हर्टर घ्या. वीज गेली तर १९१२ वर तक्रार नोंदवा. पागोळ्यांचे नळ मेअखेर साफ करून घ्या. रात्री बाहेर पडताना विजेरी हवीच. पहिल्या पावसात साप कोरड्या जागा शोधतात, म्हणून बाहेर काढलेले बूट झटकल्याशिवाय पाय घालायचा नाही. साप दिसला तर मारू नका, वन खात्याला कळवा.

पावसाळ्यात समुद्रात उतरायचं नाही. यावर घरात चर्चा नको. गावाकडून आलेल्या पाहुण्यांनाही हे ठामपणे सांगा. दरवर्षी बुडणाऱ्यांच्या बातम्यांत आपल्याकडची नावं असतात आणि ती वाचताना हात थरथरतात.

दवाखाना

घर लागलं की त्याच आठवड्यात जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र शोधा. मुलांच्या लसी तिथेच होतात. मोठा आजार म्हणजे बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज. इथे लोक "बांबोळेक व्हेलो", म्हणजे बांबोळीला नेला, म्हटलं की गांभीर्य समजतात. गोव्याबाहेरच्या रुग्णांना तिथे २०१८ पासून शुल्क लागतं, म्हणून पत्ता बदललेलं आधार जवळ ठेवा. स्वतःचा आरोग्य विमा पहिली पाच वर्षं तरी बंद करू नका. रुग्णवाहिकेसाठी १०८. सत्तरीकडे काजूच्या बागांत किंवा रानात फिरायला जाणार असाल तर माकडतापाची चौकशी करा. तो गोचिडीमुळे होतो.

जागा घेण्याची घाई

दोन पावसाळे भाड्याच्या घरात काढल्याशिवाय विकत काही घेऊ नका. सातबारा इथे नाही, एक-चौदाचा उतारा असतो. विकणारा विवाहित गोवेकर असेल तर पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या नागरी कायद्यामुळे नवरा-बायको दोघांचा हक्क असतो, दोघांच्या सह्या लागतात. मूळ मालक वारला असेल तर वारसांची इन्व्हेंटरी, म्हणजे मालमत्तेची कोर्टातली नोंद-वाटणी, झाली आहे का बघा. जागेत मुंडकार, म्हणजे मालकाच्या जमिनीत घर करून राहणारा हक्कदार, आहे का, जमीन कोमुनिदादची, म्हणजे गावाच्या जुन्या सामाईक संस्थेची, तर नाही ना, हेही विचारा. भातशेतीची जमीन शेतकरी नसलेल्याला विकता येत नाही, २०२३ च्या कायद्याने. इथल्याच वकिलाला कागद दाखवा. पुण्याच्या वकिलाला हे कागद नवे असतात.

पहिली चवथ

गणेश चतुर्थीला इथे चवथ म्हणतात. शहरं रिकामी होतात, कारण प्रत्येक जण आपल्या मूळ घरी जातो. तुमची सोसायटी अचानक शांत झाली तर दचकू नका, दूध-भाजी आधीच भरून ठेवा. बहुतेक घरांत गणपती दीड दिवसाचा. वर लाकडी चौकटीला रानातली फळं बांधतात, ती माटोळी: नारळ, सुपारीचा घोस, तवशें म्हणजे मोठी काकडी, आणि कांगलां, घागऱ्यो ही रानफळं. आरत्या मराठीत, घुमट या मातीच्या वाद्याच्या तालावर. ज्या घरात वर्षभर एक शब्द मराठी ऐकला नाही, तिथली आजी त्या दिवशी आरतीची सगळी कडवी न अडखळता म्हणते.

बोलावणं आलं तर कुटुंबासह जा. जाताना पेढ्यांचा पुडा नेण्यापेक्षा आपल्या घरचं काही न्या. सकाळी गेलात तर खतखतें ही मिश्र भाजी आणि हळदीच्या पानातल्या पातोळ्यो, संध्याकाळी नेवऱ्यो म्हणजे करंज्या मिळतील. पोटभर खा, थोडं घेऊन उठलेलं चालत नाही. बायकांनी फुगडीला बोलावलं तर पदर खोचून उतरा. आमच्या तिसऱ्या चवथीला शेजारच्या काकांनी माझ्या मुलाच्या हातात सुंभ दिलं आणि सांगितलं, "घे, हो कांगल्याचो घोस तूं बांद. पळय, हांगा." त्याने वर बघितलं, आणि बांधला.